काशीची कावड आणि आपला सभामंडप



रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथमहाराजांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा ऐकून आपण मान डोलावतो. परंतु घरातील प्रौढ भाऊ मनाने आजारी पडला, की पाहुण्यांदेखत त्यास मागच्या खोलीत बसवतो. देवदर्शनास आलेल्या अशा बांधवास कोणी 'मागे सरा' म्हणाले, तेव्हा आम्हीही गप्प राहिलो. त्याची लाज आजही वाटते.

औषधाने आजार आवरतो. रिता दिवस भरावयास काम आणि सोबत लागते. पत्नीच्या आजाराने पोळलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हे जाणून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही अशा रुग्णांचा समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे.

आपला सभामंडप दुपारी रिकामा असतो. आठवड्यातून दोन दुपारी तो या बांधवांसाठी उघडावा. तेथे त्यांनी फुलवाती वळाव्यात, हार गुंफावेत, आपण सोबत बसावे. डॉक्टरांचे औषध मात्र सोडू नये. अडचणीत १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर विचारावे.

वैनगंगा घाटावर आलेल्या कोणासही परतवीत नाही. तिच्या काठच्या देवळाने तरी का परतवावे?