दोन आण्यांची बँक

समुद्राकाठच्या उडुपी भागात शंभर वर्षांपूर्वी हातमागाचा धंदा बसला होता. विणकरांच्या घरात चूल पेटायची पंचाईत. तिथे तोन्से माधव अनंत पै नावाचे एक तरुण डॉक्टर होते. नाडी पाहून औषध द्यावं असं हे दुखणं नव्हतं. तेव्हा व्यापारी असलेले बंधू उपेंद्र पै आणि इंजिनिअर वामन कुडवा यांच्यासह त्यांनी १९२५ साली ८,००० रुपये भांडवलावर बँक काढली. तीच पुढची सिंडिकेट बँक.

पण हातावर पोट असलेला माणूस बँकेची पायरी चढत नाही. मुठीत दोन आणे घेऊन कारकुनासमोर उभं कसं राहायचं? आणि ते दोन आणे घरात ठेवावेत, तर रात्रीपर्यंत उरत नाहीत. चहा, विडी, पाहुणा, मुलाचा हट्ट, काहीतरी निघतंच.

म्हणून १९२८ साली बँकच दारोदार निघाली. तिचा माणूस रोज यायचा, दोन आणे असले तरी घ्यायचा, लिहून ठेवायचा. या योजनेचं नाव पिग्मी. रोजचे दोन आणे म्हणजे महिन्याला पावणेचार रुपये, वर्षाला ४५ रुपये १० आणे! ज्याच्या हातात कधी दहा रुपये एकदम आले नाहीत, त्याला ही रक्कम केवढी वाटली असेल. थोडक्या पैशाचा जो मान राखतो, त्याच्यावर गाव विश्वास टाकतं. मला तर त्या पैशांहून रोजची ती फेरी मोठी वाटते. गरिबाच्या दारी सावकार वसुलीला येत असे. त्याच गरिबाची शिल्लक वाढवायला रोज कुणी यावं, हे नवल होतं.

बँक वाढत गेली. १९६९ साली सरकारने ज्या चौदा बँका ताब्यात घेतल्या, त्यांत तीही होती. डॉक्टरांनी मधल्या काळात, १९५३ साली, मणिपालच्या उजाड टेकडीवर वैद्यकीय महाविद्यालयही उभं केलं. १९७९ साली, ८१ व्या वर्षी ते गेले. २०२० मध्ये त्यांची बँक कॅनरा बँकेत विलीन झाली.

पिग्मी मात्र महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पतसंस्थांत चालू आहे. संध्याकाळी एजंट टपरीवर येतो आणि पानवाला गल्ल्यातून नोट काढून देतो. ही रीत उडुपीच्या एका डॉक्टरांनी घालून दिली, हे त्या दोघांनाही कुणीतरी सांगायला हवं.