मुदत वाढली, तर किंमतही वाढते काय?



घर ही अल्लाहची मोठी देणगी आहे. सूरह अन्-नहलमध्ये (16:80) अल्लाहने आपल्या उपकारांची आठवण करून देताना घराचा उल्लेख विसाव्याचे स्थान म्हणून केला आहे. तेव्हा मुलाबाळांसाठी हक्काचे छप्पर मिळविण्याची धडपड हा काही ऐहिक लोभ नव्हे. परंतु ज्या घरात विसावा शोधायचा, त्याचा पायाच व्याजावर रचला गेला, तर तेथे मनाला विसावा कसा लाभावा? या काळजीपोटीच अनेक कुटुंबे बँकेचे कर्ज टाळून थेट विक्रेत्याकडून हप्त्यांनी घर घेण्याचा मार्ग शोधतात. तेथे एक प्रश्न हमखास समोर येतो. आज आपण त्याचाच विचार करू.

समजा, एक विक्रेता म्हणतो की घराची रोख किंमत 30 लाख रुपये आहे. पाच वर्षांच्या उधारीवर हवे असेल, तर 36 लाख. म्हणजे दरमहा 60 हजारांचे 60 हप्ते. बँकेकडून 30 लाख घेतले असते, तरी एकूण परतफेड कदाचित तेवढीच झाली असती. मग घरातील एखादा तरुण विचारतो, “अब्बा, सहा लाख जास्त द्यायचेच आहेत, तर याला व्यापार आणि त्याला व्याज का म्हणायचे? नुसते नाव बदलून काय साधले?”

या प्रश्नाला उद्धटपणा समजून गप्प करू नका. हा प्रश्न जुना आहे. व्यापारही व्याजासारखाच आहे, असे म्हणणाऱ्यांचा उल्लेख सूरह अल्-बकरहमध्ये (2:275) आला आहे. तेथेच निर्णयही दिला आहे की अल्लाहने व्यापार वैध केला आणि व्याज निषिद्ध ठरविले. श्रद्धावंताला एवढे पुरेसे आहे. तरीही या आज्ञेमागील न्याय समजून घेतला, तर तिचे पालन डोळसपणे होते.

उधारीत स्वतः काही दोष नाही. माननीय आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेतील एका यहुदी व्यक्तीकडून धान्य उधार घेतले होते आणि आपले लोखंडी चिलखत तारण ठेवले होते. माननीय बरीरा (रजि.) यांनी आपल्या मुक्ततेसाठी मालकाशी दरवर्षी एक ऊकिया याप्रमाणे नऊ ऊकिया चांदीचा करार केला होता. म्हणजे उधारी, तारण आणि हप्ते या तिन्ही गोष्टी त्या पवित्र समाजाला परिचित होत्या. उधारीची किंमत रोखीपेक्षा अधिक ठरवणेही बहुसंख्य फुकहांनी वैध मानले आहे. मात्र दोनपैकी कोणती किंमत, हे ठरल्यावरच उभयतांनी उठावे. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1990 साली हाच निर्णय दिला.

मग फरक कोठे आहे? पहिला फरक वस्तूचा आहे. विक्रेता घर देतो. ते त्याच्या मालकीचे असते, त्याच्या कागदपत्रांत खोट निघाली तर तो उत्तरदायी असतो. जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. कर्ज देणारा मात्र केवळ पैसा देतो आणि काळाचे भाडे घेतो. घर सदोष निघाले तरी त्याचे व्याज थांबत नाही.

दुसरा फरक संकटाच्या दिवशी कळतो. वरील उदाहरणातील खरेदीदाराने 20 हप्ते, म्हणजे 12 लाख रुपये फेडले आणि त्याची नोकरी गेली. आता 24 लाख बाकी आहेत. एक वर्ष तो काहीही देऊ शकला नाही. व्याजाच्या व्यवहारात ही रक्कम त्याच्या बेकारीच्या प्रत्येक महिन्यासोबत फुगत जाते. खऱ्या विक्रीत मात्र वर्षाअखेरीसही बाकी 24 लाखच असते. किंमत कराराच्या दिवशी एकदाच ठरली; त्यानंतर काळाला तिच्यात भर घालण्याचा अधिकार उरला नाही. शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर हेच आहे: सौदा होण्यापूर्वी मुदतीचा विचार करून किंमत ठरवता येते, सौदा झाल्यावर मुदत वाढली म्हणून किंमत वाढवता येत नाही.

म्हणून, वाचकहो, “बिनव्याजी” या शब्दावर विसंबू नका. करारातील विलंबाचे कलम वाचा. हप्ता चुकल्यास अमुक टक्के आकार लागेल, असे तेथे लिहिले असेल, तर पुढच्या दाराने बाहेर घालवलेले व्याज मागच्या दाराने आत आले आहे. उपरोक्त अकादमीनेही विलंबाबद्दल वाढीव रक्कम घेणे निषिद्ध ठरविले आहे. मग ती अट आधी मान्य केलेली असो वा नसो.

यावर विक्रेता म्हणेल, “मग माझ्या पैशाला संरक्षण काय?” त्याची काळजी रास्त आहे. शरीअतने त्याला तारणाचा हक्क दिला आहे. विक्री पूर्ण झाल्यावर मालकी अडवून न ठेवता त्याने तेच घर गहाण घ्यावे. देशाचा कायदाही येथे आड येत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 नुसार काही किंमत दिलेली व काही देण्याचे वचन दिलेली असली, तरी विक्री होऊ शकते. कलम 55 अन्वये न दिलेल्या किमतीपुरता विक्रेत्याचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो. मात्र हेच कलम वेगळा करार नसल्यास थकीत किमतीवरील व्याजालाही त्या बोजात धरते. तेव्हा थकबाकीवर कोणतेही व्याज लागणार नाही, हे खरेदीखतात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या आणि दस्ताची नोंदणी करा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा तर कुरआननेच (2:282) दिली आहे. जवळच्या नात्यातील सौदा असला, तरी लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. त्यात नात्याचे रक्षण आहे.

एवढे करूनही एक गोष्ट कागदावर उतरत नाही. ऋणको खरोखर अडचणीत असेल, तर त्याला सुस्थिती येईपर्यंत सवलत द्यावी आणि माफ केले तर ते अधिक उत्तम, असे कुरआन (2:280) सांगतो. ही विक्रेत्याची परीक्षा आहे. त्याचबरोबर, ऐपत असूनही देणे लांबविणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. ही खरेदीदाराची परीक्षा आहे. व्याज लागत नाही म्हणून जो हप्ता मागे ठेवून लग्नसमारंभावर लाखो उधळतो, तो केवळ एका विक्रेत्याला फसवत नाही; पुढच्या गरजवंतासाठी उघडे असलेले दारही तो बंद करतो. बिनव्याजी उधार देणारे आज विरळ का झाले, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी काहींच्या थकबाकीत दडलेले आहे.

एका मृताचे देणे शिल्लक आहे, हे कळल्यावर प्रेषितांनी (स.) त्याच्या जनाज्याची नमाज स्वतः पढविण्याचे थांबविले होते. माननीय अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच प्रेषित (स.) पुढे झाले. ते देणे अवघे काही दिनारांचे होते. व्याजाचा तर तेथे प्रश्नच नव्हता.

व्याजापासून दूर राहणे ही अर्धी जबाबदारी झाली. दिलेला शब्द वेळेवर पाळणे ही उरलेली अर्धी. दोन्ही पार पाडल्या, तरच त्या घरात विसावा उतरेल. अल्लाह आपणा सर्वांना वैध कमाईचे छप्पर आणि ऋणमुक्त अंत प्रदान करो. आमीन.