नऊ दिवस आणि एकशे चाळीस दिवस

उमरेड तालुक्यात दोन शेतकरी होते. दोघांचेही धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे वाद, वेगवेगळ्या शेजाऱ्यांशी. दोघेही उमरेडच्या दिवाणी न्यायालयात हरले. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अपील करायला कायदा ३० दिवस देतो, आणि निकालाची नक्कल मिळेपर्यंत लागलेले दिवस त्यातून वगळतो. तरी दोघांचीही मुदत टळली. पहिल्याला उशीर झाला ९ दिवसांचा, दुसऱ्याला १४० दिवसांचा.

योगायोगानं दोघे एकाच दिवशी सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या वकिलांकडे आले.

पहिला म्हणाला, "साहेब, कापूस वेचणीच्या धांदलीत राहून गेलं. पण नऊच दिवसांचं तर आहे. टायफाईडचं सर्टिफिकेट आणून देतो, तसं लिहा."

"भाऊ, वेचणी होती, मजूर मिळत नव्हते, असंच लिहू," वकील म्हणाले. "न्यायालयाला पटेल किंवा पटणार नाही. खोटं मात्र मी लिहिणार नाही."

एवढ्याशा उशिराला कोण विचारतं, असं म्हणत तो दुसऱ्या वकिलाकडे गेला.

दुसऱ्या शेतकऱ्याला तोंड उघडायचीच लाज वाटत होती. त्यानं पिशवीतून कागद काढले. पोराच्या अपघातानंतर दवाखान्यात भरती केल्याचे कागद, दोन ऑपरेशनांच्या तारखा, औषधांच्या चिठ्ठ्या, चुरगळलेली एसटीची तिकिटं. वकिलांनी सगळं तारीखवार लावलं. मध्ये तीन आठवडे रिकामे राहिले.

"हे दिवस?"

"पोराला घरी आणलं होतं, पण त्याला उठता येत नव्हतं. घरात दुसरं माणूस नाही. अन् खरं सांगतो, तुमच्या फीचे पैसे नव्हते."

वकिलांनी तेही जसंच्या तसं प्रतिज्ञापत्रात घातलं.

१९६३ च्या मुदत कायद्याचं कलम ५ उशिराची लांबी पाहत नाही, 'पुरेसं कारण' मागतं. १९९८ साली एन. बालकृष्णन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८८३ दिवसांचा उशीर माफीयोग्य ठरवला आणि सांगितलं, की कारण पटलं तर मोठा उशीरही माफ होतो; नाही पटलं तर लहानही होत नाही.

पहिल्याच्या उशीरमाफीच्या अर्जाला उत्तर देताना त्याच्या शेजाऱ्यानं बाजार समितीची पावती जोडली. टायफाईडनं अंथरुणाला खिळलेला माणूस त्याच तारखांना कापूस विकत होता. पावतीवर सही त्याचीच. अर्ज फेटाळला गेला. धुऱ्याबाबत त्याचं म्हणणं कदाचित खरंही असेल, पण जिल्हा न्यायालयानं ते ऐकलंच नाही. मला या गोष्टीत हेच सर्वात जास्त लागतं: खऱ्या हक्काची वाट त्यानं एका खोट्या कागदानं स्वतःच बंद केली.

दुसऱ्याचा उशीर माफ झाला, पण फुकट नाही. समोरच्या शेजाऱ्याला खर्चापोटी दोन हजार रुपये द्यायचा हुकूम झाला, आणि तो योग्यच होता. खटला जिंकलेल्या माणसालाही कधीतरी निर्धास्तपणे पेरणी करता आली पाहिजे. मुदत असते ती त्याच्यासाठी. दुसऱ्यानं उसनवारी करून पैसे भरले आणि अपिलाला नंबर पडला. धुरा कुणाचा हे आता त्यात ठरेल. तुम्ही जिंकालच, असं वकिलांनी त्याला सांगितलेलं नाही.