पडद्याचं रिझोल्यूशन कोणी बदललं?

गप्प बसा सगळे. संगणक खोलीत खिडकीकडच्या यंत्रांवर अक्षरं सुजल्यासारखी का दिसतात, ते एकाने उभं राहून सांगा. नाही ना कोणी? मग मीच सांगतो. मराठी बारीक दिसतं म्हणून तुमच्यातल्या कोणा शहाण्याने डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १३६६ बाय ७६८ चं १०२४ बाय ७६८ करून टाकलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आपल्याही यंत्रावर तेच केलं. वर मला ऐकवता, "सर, लिनक्समध्ये मराठी नीट दिसतच नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

इकडे या. पडद्यापासून वीतभर अंतरावर डोळे न्या आणि 'काठी' हा शब्द बघा. शिरोरेषा कशी आहे? धारदार. आणि काना? त्याच्या दोन्ही कडांना राखाडी सावली आहे. वेलांटीचा उभा दांडा तसाच धुरकट. असं का व्हावं? या पडद्यात आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके कारखान्यातच पक्के बसवलेले आहेत. तुम्ही त्याला आडवे १०२४ च पाठवलेत. तेवढ्यांत त्याला १३६६ जागा भरायच्या आहेत, म्हणजे एका ठिपक्याला सव्वापेक्षा थोडी जास्त जागा. अर्धामुर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून तो शेजारच्या दोन ठिपक्यांचे रंग मिसळून वेळ मारून नेतो. उभ्या दिशेने ७६८ चे ७६८ च राहिले, म्हणून आडवी शिरोरेषा वाचली आणि सगळे उभे दांडे गेले. आता पट्टी लावा आणि अक्षराची उंची मोजा. तसूभरही वाढलेली नाही! अक्षर मोठं झालं म्हणून नाचलात, ते फक्त आडवं पसरलंय. भूमितीच्या आकृतीतलं वर्तुळ लंबगोल दिसतंय, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. नववीत वर्तुळ शिकलात ना?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं तुमचं चाललंय. अक्षर बारीक आहे ही तक्रार खरी, मी ती नाकारत नाही. पण ती पडद्याची तक्रार नाही, अक्षराच्या मापाची आहे. लिनक्स मिंटमध्ये 'फॉन्ट सिलेक्शन' उघडा, तिथे 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' आहे, त्याचा आकडा १.० चा १.२ करा. पुरत नसेल तर १.३ करा. उबुंटूवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'लार्ज टेक्स्ट'ची कळ दाबली की तेच १.२५ होतं. फॉन्टच्या फाइलीत अक्षराचं चित्र नसतं, त्याच्या कडांचं गणित असतं. माप वाढवलं की संगणक ते गणित नव्याने सोडवून अक्षर नव्याने रेखतो. ताणत नाही. कडा धारदार राहतात.

आणि मराठीलाच हे जास्त का लागतं, तेही ऐका, कारण मेनूतला १० पॉइंटचा आकडा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोमन अक्षरं होती. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द घ्या. शाळेच्या प्रत्येक कागदावर असतो. त्यात 'र्थ्यां'च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार एकाच कान्यावर बसतात. शिरोरेषेच्या वर त्या दोघांना मिळून तीन-चार ठिपक्यांची उंची मिळते, तेवढ्यात रफाराची चंद्रकोर आणि अनुस्वाराचा गोळा एकमेकांत मिसळतात. 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक तर डोक्याजवळच्या एवढ्याशा फटीचा. इंग्रजी १० पॉइंटला सुखाने वाचता येतं, मराठीला १२ तरी हवेच. हा मराठीचा दोष नाही आणि लिनक्सचाही नाही.

मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय? "सरांच्या लॅपटॉपवर तर सगळंच बारीक दिसतं," असंच ना? बरोबर आहे, आणि त्याचं कारण तुम्हाला त्रैराशिक येत असेल तर कळेल. संगणक डोळे झाकून धरून चालतो की एका इंचात ९६ ठिपके आहेत. माझा लॅपटॉप १४ इंची आणि १९२० बाय १०८० चा. पायथागोरस लावा. कर्णावर सुमारे २२०३ ठिपके, भागिले १४, म्हणजे इंचाला १५७. आता ९६ भागिले १५७. ०.६१ आलं? म्हणजे ११ पॉइंटचं अक्षर ज्या साच्यात बसतं तो ३.९ मिलिमीटरचा हवा होता, तो २.४ चा झाला. खिडकीकडच्या साडेअठरा इंची पडद्यांवर हेच गणित केलंत तर इंचाला ८५ येतात, म्हणजे तिथे अक्षर ठरल्या मापापेक्षा थोडं मोठंच दिसतं! यंत्रागणिक आकडा वेगळा. तरी एकाचा उपाय दुसऱ्यावर जसाच्या तसा चिकटवता.

आता भूमितीचा प्रोग्राम, जिओजेब्रा. सगळीकडची अक्षरं वाढली, त्यातली मात्र मुंगीएवढीच राहिली, म्हणून काल एकीने सगळ्या यंत्राचं स्केलिंग दोनवर नेऊन ठेवलं. एका प्रोग्रामसाठी बाकी सगळ्यांची वाट! अगं, लिनक्सवरचे प्रोग्राम एका कुळातले नसतात. काही जीटीकेवर बांधलेले, काही क्यूटीवर, काही या जिओजेब्रासारखे जावावर, आणि टक्स पेंटसारखे काही आपली बटणं आपणच रंगवतात. टेक्स्ट स्केलिंग जीटीकेवाले निमूट पाळतात. क्यूटीवाले बहुधा ऐकतात, नाही ऐकलं तर त्यांना 'क्यूटी_स्केल_फॅक्टर' वेगळा सांगावा लागतो. जुना जावा कोणाचंच ऐकत नाही. जावा ९ पासून 'यूआयस्केल' सांगण्याची सोय आली. पण एवढ्या खोलात जायची गरजच नव्हती. जिओजेब्रा क्लासिक ५ च्या स्वतःच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'फॉन्ट साईझ' नावाची ओळ आहे. मेनू उघडून वाचायचा कंटाळा!

आपल्या काठीच्या होळीला बावा-बुध्याचं सोंग घेणारे तुमचेच भाऊ व्रताची पाळणी पाळतात, कितीतरी दिवस खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात. एवढा धीर ज्या गावात आहे, त्या गावातल्या पोरांना एक मेनू वरपासून खालपर्यंत वाचवत नाही?

लिब्रेऑफिसची तक्रार मात्र मी जरा मऊपणाने ऐकतो, कारण तिथे भलेभले फसतात. स्टाईलमध्ये जाऊन आकडा १२ चा १६ केला, कागदावरचं इंग्रजी वाढलं, मराठी होतं तिथेच. का? लिब्रेऑफिस प्रत्येक स्टाईलमध्ये फॉन्टचे वेगवेगळे कप्पे ठेवतो. एक पाश्चात्त्य लिपींचा, एक चिनी-जपानीसारख्या लिपींचा आणि एक आपल्यासारख्या मात्रा-जोडाक्षरांच्या लिपींचा. त्या तिसऱ्याचं नाव 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट', थोडक्यात सीटीएल. तुम्ही पहिल्या कप्प्यातला आकडा बदललात. तिसरा दिसत नव्हता, कारण 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये भाषांच्या पानावर त्याची खूणच केलेली नव्हती. ती करा, भाषा मराठी निवडा, मग स्टाईलमध्ये सीटीएलचा फॉन्ट आणि त्याचं माप वेगळं दिसेल. मराठी निवडा म्हणालो, हिंदी नव्हे. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले की तुम्हाला वाटतं फॉन्ट बिघडला. लोहित किंवा नोटोसारख्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराला भाषा कोणती लावली आहे हे बघून त्यातलं एक उचललं जातं. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीची वळणं ठरवून दिली होती.

आता सगळ्यात मोठा गुन्हा. शेवटच्या यंत्रावर मराठीच्या जागी चौकोन येत होते. चौकोन म्हणजे त्या अक्षराचा फॉन्टच यंत्रात नाही, एवढा साधा अर्थ. अशा वेळी टर्मिनल उघडून एफसी-लिस्ट, मग जागा सोडून कोलन, लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर, असं टाईप करायचं. मराठी येणाऱ्या फॉन्टांची यादी समोर येते. यादी रिकामी, तर फॉन्ट आणा. तुम्ही काय केलंत? मोबाईलवर दिसलेली आज्ञा 'सुडो' लावून, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याच्या अधिकाराने, डकवली आणि पेनड्राईव्हवरचे फॉन्ट थेट व्यवस्थेच्या फोल्डरात कोंबले. फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या, वाचायची परवानगी बाकी कोणाला उरली नाही, चौकोन जिथल्या तिथे. मग आणखी तीन आज्ञा डकवल्या. त्यातली कोणती काय करते, हे विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. जी आज्ञा समजली नाही ती सुडो लावून चालवायची नाही. इथून पुढे असं कोणी करताना दिसला तर महिनाभर खोलीबाहेर.

इथे घाटात नेट येईल तेव्हा येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण फॉन्टला नेट लागत नाही. तालुक्याला जाल तेव्हा पेनड्राईव्हवर आणा, आपल्या होम फोल्डरातल्या '.लोकल', 'शेअर', 'फॉन्ट्स' या वाटेवर ठेवा, एफसी-कॅश चालवा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. सुडो कशाला? सगळ्यांसाठी हवा असेल तर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज मला सांगा, मी बसवतो. लोहित रेड हॅटने खुला केला, त्याची निगा पुण्यातल्या मंडळींनी राखली, आणि २०११ पासून तो खुल्या फॉन्ट परवान्यावर आहे. फुकट आणि कायदेशीर. चोरीचे फॉन्ट या खोलीत नकोत.

बिघाड यंत्राचा की तुमच्या सेटिंगचा, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे आणि ती तुमच्यापैकी एकानेही घेतली नाही. नवा यूझर बनवा आणि त्यातून आत जा. तिथे अक्षरं नीट दिसली तर घाण तुमच्याच होम फोल्डरात आहे. मग संशयित फाइल पुसायची नाही, तिचं नाव बदलून बाजूला ठेवायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाच बदललीत तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर परतीची वाट सापडत नाही.

खिडकीचं 'ओके' बटण पडद्याखाली गेलं म्हणून यंत्र बंद करणाऱ्यांनो, मिंटवर ऑल्ट दाबून खिडकी कुठेही धरून वर ओढा. कीबोर्डवर एवढ्यासाठी कळा दिल्या आहेत.

राहिली होळीची पत्रिका. १२४६ पासूनची म्हणून सांगतात ती आपली राजवाडी होळी. पहाटे पेटते, तिच्यासाठी कुठकुठून माणसं येतात. आणि तिची गेल्या वर्षीची फाइल आपल्या यंत्रावर उघडली तर रोमन अक्षरांचा भुगा दिसतो. स्केलिंग वाढवा, फॉन्टचं माप वाढवा, भुगा मोठा होईल, मराठी होणार नाही. ती फाइल युनिकोडमध्ये नाही. जुन्या फॉन्टात टाईप केलेल्या मजकुरात आतून रोमन अक्षरांचेच आकडे असतात, वर मराठीचं कातडं असतं. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर कातडं उतरतं. हा पडद्याचा बिघाडच नाही, त्याला पडद्याचे उपाय लावत बसू नका. रूपांतर करून घ्या, नाहीतर सरळ पुन्हा टाईप करा. टाईप करताना 'दऱ्या' लिहायला साधा 'र' वापरू नका, 'दर्या' होईल आणि सातपुड्यात समुद्र येईल. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' दाबलं की नुक्त्याचा 'ऱ' येतो, त्याला हलन्त आणि 'य' जोडा.

आता कामाला लागा. खिडकीकडची यंत्रं आधी १३६६ बाय ७६८ वर परत आणा, मग टेक्स्ट स्केलिंग. काय बदललं, आधी किती होतं, नंतर किती केलं, ते प्रत्येक यंत्राच्या वहीत लिहा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिब्रेऑफिसचे पाठ मराठीत आहेत, ते मी पेनड्राईव्हवर आणले आहेत. ज्याला सीटीएल कळलं नाही त्याने ते आधी बघावेत. पत्रिका शुक्रवारपर्यंत युनिकोडमध्ये तयार हवी. आणि छापखान्यात ओडीटी नेऊ नका, पीडीएफ न्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसून जातो, समोरच्या यंत्रावर तो असो वा नसो.