घरांत काय आहे?

(वाचावें : २ राजे, अध्याय ४, वचनें १ ते ७)



कपाशी वेंचून झाली, बाजारांत गेली, आणि हातीं आलेल्या पैशांत सोसायटीचें कर्जही फिटेना. मग सावकाराचें कोठून फिटावें? ही चिंता आज अकोला जिल्ह्यांतील किती घरांत रात्रभर जागी असते, हें आम्हांस ठाऊक आहे. खारपाणपट्ट्यांत तर विहिरीचें पाणी पिकास चालत नाहीं. तेथें सारी भिस्त पावसावर. अशा घरांतून आम्हांस विचारितात, "पाळकसाहेब, नादारीचा अर्ज केला तर तें पाप होईल काय?" ह्याचें उत्तर शास्त्राच्या आधारें शोधूं या.

अलीशा संदेष्ट्याच्या काळीं एक देवभीरु मनुष्य कर्ज मागें ठेवून मरण पावला. सावकार त्याच्या दोघां मुलांस दास करून नेण्यास आला. तेव्हां त्याच्या विधवेनें काय केलें? ती दार लावून बसली नाहीं. ती अलीशाकडे गेली व आपली स्थिति तिनें उघड सांगितली. त्यानें तिला विचारिलें कीं, घरांत काय आहे? थोडें तेल होतें. देवानें तें वाढविलें. मग आज्ञा झाली कीं, तें विकून कर्ज फेड, आणि उरेल त्यावर लेंकरांसह निर्वाह कर.

येथें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. चमत्कारानें कर्ज बुडालें नाहीं, तें फिटलें. आणि सर्वच सावकाराच्या पदरीं गेलें नाहीं. आई व लेंकरें जगतील इतकें उरलें. धनकोचा हक्क आणि ऋणकोचा जीव, दोहोंचीही देवास काळजी आहे.

आतां कायद्याकडे पाहूं. १९२० सालचा प्रांतिक नादारी अधिनियम आपल्या जिल्ह्यांत अजून चालतो. २०१६ सालीं नवी संहिता झाली खरी, परंतु सामान्य शेतकऱ्याच्या नादारीचा तिचा भाग अद्याप लागू झालेला नाहीं. जुन्या कायद्याप्रमाणें, ज्याचें कर्ज निदान ५०० रुपये असून फेडण्याची ऐपत नाहीं, त्याला न्यायालयाकडे अर्ज करितां येतो. न्यायालयही प्रथम हेंच विचारतें कीं, घरांत काय आहे? सर्व मालमत्तेची व सर्व धनकोंची यादी द्यावी लागते. मग मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यांत जाऊन तिची वांटणी होते. परंतु कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, शेतकऱ्याचीं अवजारें, न्यायालयास जरूर वाटतील तितकीं जनावरें व बियाणें, आणि त्याचें राहतें घर हीं जप्तींतून वगळलेलीं आहेत. विधवेच्या उरलेल्या तेलाची येथें आठवण होते.

तरी हें दार सोपें नव्हे. गहाण टाकलेल्या शेतावरील धनकोचा हक्क नादारीनें जात नाहीं. सरकारचें देणें व कपटानें केलेलें कर्ज सुटत नाहीं. आणि हें नीट ऐका : तुम्हांस सुटका मिळाली तरी तुमचा जामीन सुटत नाहीं. ज्या भावानें तुमच्या शब्दावर अंगठा उठविला, त्याच्या दारीं धनको जाईल. म्हणून अर्ज करण्यापूर्वीं त्याला सांगा. त्याच्या पाठीमागें केलेला अर्ज कायद्यास चालेल, पण प्रीतीस चालणार नाहीं.

ह्याकरितां आधीं दुसरीं दारें ठोकावीं. सरकारनें दुष्काळ किंवा अतिवृष्टि जाहीर केली असल्यास पीककर्जाच्या पुनर्गठनाविषयीं बँकेस विचारावें. २०१७ व २०१९ सालच्या कर्जमाफींत बँकांचें व सोसायट्यांचें कर्ज आलें, खाजगी सावकाराचें नाहीं. म्हणून पुढील माफीच्या आशेवर सावकाराचें व्याज वाढूं देऊं नये. सावकार परवान्यावांचून धंदा करीत असेल, व त्यानें कर्जापोटीं शेताचें खरेदीखत करून घेतलें असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाखालीं जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. पंधरा वर्षांच्या आंतील व्यवहार असल्यास चौकशीअंतीं जमीन परत मिळूं शकते. १९३३ सालीं आपल्याच वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या खटपटीनें कर्ज लवाद कायदा झाला, व धनको-ऋणकोंस समोरासमोर बसवून तडजोड होऊं लागली. ती व्यवस्था आतां नाहीं. परंतु लोकअदालतींत तडजोड होऊं शकते. स्त्रियांस व अल्प उत्पन्नाच्या लोकांस जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

हीं सर्व दारें ठोकूनही मार्ग न निघाल्यास, जो मनुष्य कांहीं न लपवितां नादारीचा अर्ज करितो, तो पाप करीत नाहीं असें आम्ही स्पष्ट सांगतों. पाप लपविण्यांत आहे. शेत मेव्हण्याच्या नांवें करून, बैल दुसऱ्या गांवीं बांधून, मग "माझ्यापाशीं कांहीं नाहीं" असें शपथेवर सांगणें हें पाप आहे. कायदाही तें सोडीत नाहीं : अर्जापूर्वींच्या दोन वर्षांतील असे खोटे व्यवहार न्यायालय रद्द करूं शकतें, आणि लबाडीस कैदही आहे.

मंडळीच्या सेवकांनो, अशा खोट्या खतावर साक्ष घालूं नका. उलट, कागद वाचतां येत नाहीं त्याच्याजवळ बसून यादी करा, आणि कचेरींत त्याच्याबरोबर जा. मंडळींत कोणी व्याजीं पैसे देत असेल, तर त्यानें नहेम्याचा पांचवा अध्याय वाचावा. तेथें भावाचें शेत व्याजापायीं घेणाऱ्यांस तें परत द्यावें लागलें. आणि नादार झालेल्या भावास प्रभुभोजनाच्या वेळीं कोणी मागें सरकवूं नये.

शेवटीं, ज्याच्या मनांत जीव देण्याचा विचार येतो त्यास आमची विनंति. कर्जापायीं वऱ्हाडांत पुष्कळ बाप गेले. कर्ज मात्र गेलें नाहीं. तें विधवेच्या दारीं उभें राहिलें. बंधो, आज रात्रीं एकटा राहूं नको. घरच्यांस सांग, शेजाऱ्यास उठीव, आमचें दार वाजीव. त्या विधवेची सुटका तेलापासून नव्हे, तर ती घराबाहेर पडून बोलली तेथून सुरू झाली. तुझ्या घरांत काय आहे तें आपण मिळून मोजूं. थोडें असलें तरी मोजूं. थोड्याला पुष्कळ करणारा देव तोच आहे. आमेन.