‘दऱ्यां’मधला तमिळ ‘र’

इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ टाइप करून पाहा. नेहमीच्या ‘र’ने भागत नाही, ‘दर्या’ उमटतो आणि डोंगराच्या जागी समुद्र येतो. शिफ्ट दाबून नुक्तेवाला ‘ऱ’ घ्यावा, त्याचा पाय मोडावा, तेव्हा ‘दऱ्या’ जमतात. गंमत अशी, की नागरीच्या संगणकीय तक्त्यात हा ‘ऱ’ द्राविडी भाषांमधला, म्हणजे तमिळमधलाही, कठोर र लिहिता यावा म्हणून आहे.

या तक्त्यामागच्या कामाशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणणारं, कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तिच्याकडे आलं. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली प्रमाणित झाली. विचार साधा होता: नागरी आणि तमिळ या दोघी ब्राह्मीच्या लेकी; रूप निराळं, वर्णक्रम एकच. मग कळही एकच ठेवावी. जी कळ नागरीत ‘क’ देते, तीच तमिळमध्ये तमिळ ‘क’ देते. पुढे युनिकोडने हीच मांडणी उचलली. डोळ्यांना न दिसणारं हे डिझाइन मला फार मोठं वाटतं.

पण पंगत मांडताना पाट कुणाच्या मापाचे होते? तमिळच्या रांगेत ‘क’ आणि ‘ङ’ यांच्यामध्ये तीन पाट रिकामे आहेत: ख, ग, घ यांचे. तमिळ वाचकाला तिथे काहीच उणं वाटत नाही. शब्दातली जागा पाहून तो त्याच ‘क’चा ‘ग’ करतो. उणीव दिसते ती नागरीच्या मापाने मोजणाऱ्याला. तमिळनाडूने १९९९ मध्ये ‘तमिळ ९९’ हा स्वतःचा कळफलक स्वीकारला. त्याला निव्वळ अस्मितेचा हट्ट म्हणणं सोपं आहे. मला त्यात डिझाइनवरचा रास्त आक्षेपही दिसतो.

विनोबांनी प्रत्येक भाषेने आपल्या लिपीबरोबर नागरीही वापरावी असा आग्रह धरला. त्यामागची माया खरी होती. पण जोडण्यासाठी नेहमी एकालाच दुसऱ्याच्या घरी का जावं लागावं? मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या गटाने ‘बालू’ ही अक्षरमालिका करताना वेगळी वाट धरली. तमिळ अक्षरांवर शिरोरेषा लादली नाही. रेघेची जाडी आणि टोकांचा गोलवा तेवढा जुळवला. तमिळ भावंडाचं नावही तमिळच: ‘बालू तंबी’, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. भावंडं चेहऱ्याने ओळखू यावीत, त्यासाठी एकाच कापडाचे कपडे शिवायची गरज नसते.

मराठी माणसाला हे कळायला हवं, कारण आपण मध्ये उभे आहोत. हिंदी ‘तमिल’ लिहिते, आपण ‘तमिळ’ लिहितो, आणि त्या नावाचं शेवटचं अक्षर खरं तर ‘ऴ’ आहे. तोही नागरीच्या तक्त्यात आहे, आपण क्वचितच त्याला हात लावतो. ‘ऱ’ मात्र रोज लागतो. पाहुण्यासाठी मांडलेल्या त्या पाटावर बसूनच आपण आपल्या दऱ्या लिहितो.