पॅचमध्ये नसलेली ओळ

३१ डिसेंबर २०११ च्या रात्री ‘ओपनएसएसएल’ या मुक्तस्रोत प्रकल्पात एक पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, दाखल झाला. इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणारं हे सॉफ्टवेअर जगभरचे असंख्य सर्व्हर वापरतात. पॅच लिहिणारा विषयाचा अभ्यासक होता आणि प्रकल्पातल्या अनुभवी माणसाने तो तपासलाही होता. तरीही त्यातला दोष मार्च २०१२ मध्ये १.०.१ या आवृत्तीतून सर्वदूर पोहोचला. ‘हार्टब्लीड’ या नावाने तो जाहीर झाला ७ एप्रिल २०१४ रोजी. कोड खुला होता, पण दोन वर्षं त्यावर जाहीरपणे कोणी बोट ठेवलं नाही.

दोष समजायला अवघड नव्हता. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक बाजू थोडा मजकूर पाठवते, त्याची लांबीही सांगते. दुसरी बाजू तोच मजकूर परत करते. परत करताना सी भाषेतलं ‘मेमकॉपी’ हे फंक्शन वापरलं होतं. त्याला तीन गोष्टी सांगायच्या असतात: कुठे ठेवायचं, कुठून घ्यायचं आणि किती बाइट. हा तिसरा आकडा समोरच्या अनोळखी संगणकाने सांगितलेला होता आणि तो कोणी पडताळला नव्हता. एक बाइट पाठवून चौसष्ट हजार मागितले, की सर्व्हर आपल्या मेमरीत शेजारी जे असेल ते देऊन टाकी. मग ते पासवर्ड असोत की खासगी किल्ली. कंपायलरची तक्रार नव्हती, कारण ती ओळ सी भाषेच्या नियमांत चोख बसत होती. चूक होती तिच्या आधी नसलेल्या तपासणीत.

डेबियन या लिनक्स वितरणात २००६ साली याच्या उलट घडलं. मेमरी तपासणारं एक साधन कुरकुर करतं म्हणून तिथल्या लोकांनी ओपनएसएसएलच्या आपल्या प्रतीतल्या दोन ओळी निष्क्रिय केल्या. कुरकुर थांबली. पण त्यांतली एक ओळ किल्ल्यांना लागणारी यादृच्छिकता पुरवत होती. ती गेल्यावर प्रत्येक वेळी बदलणारा असा उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि त्याची कमाल ३२,७६८. एवढ्या किल्ल्यांची यादी कोणालाही आधीच करून ठेवता येते. हे उघड झालं मे २००८ मध्ये.

पॅचमधल्या अधिक आणि वजा चिन्हांच्या ओळी पाहून मान डोलावणं सोपं असतं. पण हा आकडा आला कुठून, हे फंक्शन आणखी कोण वापरतं, मध्येच चूक झाली तर घेतलेली मेमरी कोण सोडतं, याची उत्तरं सहसा पॅचच्या बाहेर असतात. ती शोधायला कधी कधी पॅच लिहिण्याहून जास्त वेळ लागतो. डोळे पुरेसे असले की प्रत्येक दोष उघडा पडतो, हे मुक्तस्रोताचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी मांडलेलं सूत्र म्हणूनच अर्धंच खरं आहे. कोड पाहता येणं वेगळं आणि कोणीतरी तो जबाबदारीने पाहणं वेगळं.

यंत्रांनी हे काम करावं, असा युक्तिवाद होतो. फझिंगसारखी, म्हणजे प्रोग्रॅमला वेडावाकडा मजकूर देऊन पाहणारी, साधनं पुष्कळ पकडतात, ती वापरलीच पाहिजेत. पण डेबियनमध्ये साधनाची कुरकुर हेच निमित्त ठरलं. कोणती ओळ कशासाठी आहे, हे साधनाने सांगितलं नाही. आता तर यंत्रंच पॅच लिहून देऊ लागली आहेत. लिहिणं स्वस्त झालं, तपासणारे तेवढेच राहिले.

लिनक्स कर्नलमध्ये तपासणाराही ‘रिव्ह्यूड-बाय’ अशी ओळ लिहून आपलं नाव कायमचं नोंदवतो. हा मान इतरत्रही मिळायला हवा, आणि नुसता मान पुरत नाही. या कोडवर धंदा करणाऱ्या कंपन्यांनी तपासणाऱ्याच्या वेळेचे पैसे मोजले पाहिजेत. सी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच: आपला पहिला पॅच पाठवण्याआधी दुसऱ्याचा एक पॅच मन लावून तपासा. प्रकल्पाला त्याचीच गरज जास्त आहे.